कौलाचं जुळं

कुसवळच्या रवळनाथाच्या गाभाऱ्याबाहेर उभी राहून स्वरांगी गुरव हळूच म्हणाली, "डावी." आणि चौदा सेकंदांनी देवाच्या डाव्या खांद्यावरची पाकळी सुटून खाली पडली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांची नजर देवाकडे होती आणि स्वरांगीची मोबाइलकडे. तिला खरं तर तिथल्या तिथे उडी मारायची होती. पण जिचा कौल होता ती बाई हिरमुसली होती, कारण डावी म्हणजे 'नाही'. अशा वेळी पुजाऱ्याच्या मुलीने नाचणं बरं दिसलं नसतं.

कौल म्हणजे देवाला विचारायची कोकणातली जुनी रीत. गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, पिटकुळीच्या फुलाच्या दोन लाल पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या काळ्या पाषाणावर चिकटवतो, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेले पुरुष एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. २०४१ साल उजाडलं होतं, आंबे ड्रोनने उतरत होते, पण मुलगी कुठे द्यावी आणि विहीर कुठे खणावी हे कुसवळ अजून रवळनाथालाच विचारत होतं.

आणि त्याच साली सगळ्यांच्या मोबाइलात 'जुळं' आलं होतं.

जुळ्याची गोष्ट अशी. एखाद्या वस्तूभोवती मोबाइल फिरवला की तो तिचा आकार टिपतो, कुठे किती ऊब आहे ते टिपतो, ओल टिपतो, आणि आपल्या पोटात तिची एक प्रत उभी करतो. नुसती दिसायला सारखी नव्हे, वागायलाही सारखी. खऱ्या फांदीवरचा आंबा चार दिवसांनी गळणार असेल तर जुळ्यातला आत्ताच गळतो. होडीवाले होडीचं जुळं करायचे, बागायतदार कलमाचं. रवळनाथाचं जुळं करावं असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं दहावीतल्या, नुकत्याच चष्मा लागलेल्या आणि त्यामुळे सगळं जगच नव्याने स्वच्छ दिसू लागलेल्या स्वरांगीच्या.

तसं त्यात अवघड काय होतं? पाकळी दगडाला धरून ठेवते ती पाण्याची बारीकशी सायच. ती वाळली की पकड सुटली. पाषाणाच्या डावीकडे समई असायची, त्यामुळे ती बाजू ऊबदार. उजव्या खांद्याचा उतार जरा जास्त. ओल, ऊब, उतार, पाकळीचं वजन. एवढं कळलं की पाकळीचं भविष्य कळलं.

आता तुम्ही म्हणाल, ह्या मुलीला दुसरे उद्योग नव्हते का? होते. पण तिच्या घरात एक गोष्ट घडत होती.

तिच्या पप्पांचा हात थरथरू लागला होता. संदेश गुरव तीस वर्षं देवाला आंघोळ घालत होते, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताने स्वतःचाच कारभार सुरू केला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आजार मेंदूचा आहे, गोळ्यांनी हळू होईल, थांबणार नाही. पाकळ्या दोन-दोनदा निसटू लागल्या. गाव कुजबुजू लागलं. गुरवकी मग जाणार कुणाकडे? पप्पांचे चुलतभाऊ प्रदीपकाका तयारच होते. पण पप्पांनी भर सभेत सांगितलं की माझी पोर बारा वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर फुलं काढते, समई लावते, मंत्र तिला माझ्याहून चोख येतात, माझ्यामागे तीच करेल. प्रदीपकाका म्हणाले, चेडवाने, पोरीच्या जातीने, देवाला हात लावायचा? उद्या ती लग्न करून जाईल, मग देवाने काय तिच्या सासरी यायचं? बरीच बोलाचाली झाली. शेवटी मानकरी तातू परब, वय वर्षं ब्याऐंशी, काठी आपटून म्हणाले की भांडता कशाला, ज्याची पूजा त्यालाच विचारू. पुढच्या सोमवारी कौल.

स्वरांगीला गुरवकी हवी होती. ती हवी म्हणजे किती, तर त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि ही मुलगी तापातसुद्धा जेवत असे. पण मग तिला दुसरंच कोडं पडलं. जर पाकळीचं सगळं पाणी आणि ऊबच ठरवत असेल, तर सोमवारी ती विचारणार कुणाला होती?

हे कोडं तिने शाळेत नेलं. त्या वर्षीपासून नववी-दहावीला आठवड्यातून दोनदा तर्काचा तास असे आणि तो फर्नांडिस सर घेत. सर रविवारी न चुकता चर्चला जात, पण वर्गात त्यांचा देव आहे की नाही ह्याचा कुणाला थांग लागत नसे. ज्या बाजूने वर्ग झुकेल तिच्या उलट बाजूला ते जाऊन बसत.

त्या आठवड्यात विषयच देव निघाला, किंवा स्वरांगीने तो काढायला लावला. सरांनी आधी देवाची बाजू घेतली. प्रत्येक हलणाऱ्या वस्तूला कुणीतरी हलवलेलं असतं, म्हणाले, तर मागे मागे जात पहिला हलवणारा कुणीतरी असलाच पाहिजे. वर्ग पटलं म्हणाला, तेवढ्यात ते उलटले. मग त्या पहिल्याला कुणी हलवलं? आणि त्याला कुणाची गरज नसेल, तर जगालाच ती का असावी? मग म्हणाले, डोळ्यासारखी रचना आपोआप होईल का? स्वरांगीची मैत्रीण विशाखा म्हणाली, सर, होते, लाखो वर्षं लागतात, आणि डोळा एवढा छान असता तर स्वरांगीला चष्मा कशाला लागला असता? मग सरांनी सगळ्यात चमत्कारिक युक्तिवाद काढला. ज्याच्याहून परिपूर्ण काही असू शकत नाही असं काहीतरी मनात आणा. आता, नसणं ही तर केवढी मोठी उणीव. म्हणजे ते असणारच. विशाखा म्हणाली, तर मग ज्याच्याहून चांगलं असू शकत नाही असं तांदळाचं घावणंही असणार.

सर म्हणाले, "ते आहे. पण ते मी तर्काने नाही, बायकोच्या हातचं खाऊन सिद्ध केलंय."

तास संपल्यावर स्वरांगीने त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि आपलं खरं गुपित सांगितलं. देवळात चोरी झाल्यापासून गाभाऱ्यात कॅमेरा होता. तिने त्यातल्या गेल्या वर्षभरातल्या एकतीस कौलांचं जुळं करून पाहिलं होतं. बावीस वेळा जुळं बरोबर आलं. नऊ वेळा साफ चुकलं. आणि नऊच्या नऊ वेळा चूक एकाच प्रकारची होती. जुळं म्हणालं डावी, आणि पडली उजवी. जुळं नाही म्हणत होतं तिथे नऊदा होय आलं होतं.

"सर, ह्या नऊमध्ये तो आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की सरांना पुढचं बोलणं जड गेलं असावं.

"असेलही. पण जपून हां. आपल्याला न कळलेल्या फटीत देवाला बसवलं, तर एक दिवस कुणीतरी ती फट बुजवतं. मग त्याने जायचं कुठे?"

स्वरांगीला राग आला. पण घरी जाताना सायकलवर बसल्याबसल्या तिच्या लक्षात आलं की फट बुजवायला दुसऱ्या कुणाची वाट कशाला पाहायची.

तिने नऊ कौल पुन्हा लावले. ऊब तपासली, ओल तपासली, पाकळीची जात तपासली, कुणी शिंकलं का तेसुद्धा पाहिलं. काही सापडेना. शनिवारी दुपारी आई पाठीमागे बसून दुर्वा निवडत होती. ती कंटाळून म्हणाली, "सकाळपासून मुकं चित्र काय बघतंस? आवाज तरी लाव."

आवाज. स्वरांगीने आवाज बंद ठेवला होता, कारण तीच ती गाऱ्हाणी ऐकून तिला वीट आला होता. तिने लावला, आणि पाचव्याच कौलाला तिच्या अंगावर काटा आला. ज्या नऊ वेळा उजवी पडली होती त्या नऊही वेळा देऊळ दणाणत होतं. पंचवीस-तीस गडी पोटातून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. आणि बाकीच्या वेळी? कुणी जांभई देत होतं, कुणी मोबाइल बघत ओठ हलवत होतं.

गाभारा कुसवळचा एवढासा, चारी बाजूंनी दगडी, एकच दार. दारातून एकजात खर्जातला आवाज घुसला की आतली हवा ढोलाच्या कातड्यासारखी हलायची. उजव्या खांद्याचा उतार जास्त, तिथली पाकळी त्या थरथरीने घसरायची. आवाज नसेल तर डावीकडे समई सावकाश आपलं काम करायची. तिने जुळ्यात आवाज घातला. एकतीसपैकी एकतीस.

तिने जुळ्यात दगड घातला होता, दिवा घातला होता, माणसं घालायची राहिली होती. इतकी मोठी चूक करून इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. पाच मिनिटं ती खरंच नाचली. आणि सहाव्या मिनिटाला खाली बसली, कारण नवाचे शून्य झाले होते. फट बुजली होती, आणि बुजवणारी तीच होती.

पप्पा विहिरीवर देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासत होते, डाव्या हाताने. तिने त्यांना सगळं सांगितलं. तिला वाटलं, ते भडकतील. ते फक्त हातातला तांब्या बराच वेळ घासत राहिले, आधीच चकचकीत झालेला.

"म्हणजे तीस वर्सा मी काय करी होतंय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. तिने विचारलं की ज्या हाताने देवाला तीस वर्षं आंघोळ घातली तोच हात त्याने का बिघडवावा. तो चांगला असेल आणि त्याला सगळं करता येत असेल, तर हे त्याला थांबवता आलं नसतं का? सरांनी हा प्रश्न वर्गात घेतला होता तेव्हा त्यात लांबच्या देशातले भूकंप होते. इथे तो विहिरीच्या काठावर थरथरत होता.

"हात तेनाच दिल्यान, असा मी कधी म्हणूक नाय," पप्पा म्हणाले. "मगे तेनाच काडून घेतल्यान, असा कित्याक म्हणू?"

हे देवाच्या बाजूने होतं की विरुद्ध, हे स्वरांगीला ठरवता येईना. पप्पांनी भांडी उपडी घातली आणि जाताना एवढंच म्हणाले की पाकळ्या सोमवारी मीच लावणार, समई नेहमीसारखी तूच ठेवशील. पुढे तुझं तू बघ.

समई तूच ठेवशील. म्हणजे पप्पांना कळलं होतं. ती समई डावीकडून उचलून उजवीकडे ठेवली की काम झालं. गावाने जांभया दिल्या तरी उजवीच पडली असती. कुणाला कळलं असतं? रविवारभर स्वरांगी ह्याच प्रश्नाभोवती फिरली, आणि तिला मिळालेलं उत्तर फर्नांडिस सरांच्या वहीत नव्हतं. देव असेल तर त्याला कळेल. नसेल तर मला कळेल. दोन्हीकडून सुटका नव्हती.

सोमवारी सकाळी पूजा झाली. सभामंडप पुरुषांनी भरला. बायका रिवाजाप्रमाणे बाहेरच्या पडवीत, आई त्यांच्यात. स्वरांगीने समई हातात घेतली, आणि तिच्या मनात ती एकदा उजवीकडे जाऊन आली. मग तिने ती डावीकडे, नेहमीच्या तेलकट गोल डागावर ठेवली.

पप्पांनी पाकळ्या लावल्या. उजवी लावताना हात इतका हलला की डाव्या हाताने मनगट धरावं लागलं. सभामंडपात कुणीतरी 'च्च' केलं. तातूंनी घसा खाकरला. स्वरांगीने मोबाइलकडे पाहिलं. नेहमीचा, सवयीचा आवाज धरून जुळं सांगत होतं, डावी, शंभरात एक्याण्णव वेळा.

"तातू, जरा थांबा," ती म्हणाली.

आणि तिने सांगून टाकलं. जुळ्याबद्दल, समईबद्दल, एकतीस कौलांबद्दल. समई हलवली तर काय होतं तेही, आणि ती आपण हलवलेली नाही तेही. तुम्ही पोटातून होय म्हणालात तर उजवी पडते, म्हणाली, नुसते ओठ हलवलेत तर डावी. म्हणून आज कुणी सवयीने म्हणू नका. ज्याला मी खरंच हवी आहे त्याने म्हणा. नको असेन तर गप्प राहा, मला ऐकू येईल.

मग जो गलका उठला तो सांगण्यात अर्थ नाही. कुणी म्हणालं ही गुरवाची पोर देवाचा खेळ करते, कुणी म्हणालं म्हणजे माझ्या भावाचं लग्न आपण जांभई दिली म्हणून मोडलं की काय. प्रदीपकाका लाल झाले होते.

"देवाक मोबाइलात घातल्यान," ते म्हणाले, "आणि हिच्या हातात गाभारो देऊचो?"

तातू काठीवर हनुवटी टेकून बसले होते. गलका आपोआप बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय गो बाय, आमी आवाज केलो तर पडता, नाय केलो तर नाय. मगे देव खंय रवता?"

देव कुठे राहतो, हा प्रश्न ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने अगदी खरा विचारला होता, तिला पाडायला नव्हे. म्हणून तिनेही खरं उत्तर दिलं.

"माका ठावक नाय, तातू. पाकळी कशी पडता ता हेका कळता." तिने मोबाइल वर धरला. "तुमी व्हय कित्याक म्हणतलास, ता हेका कळणा नाय. माकाय नाय."

तातू काठीला धरून उभे राहिले आणि गाऱ्हाण्याला लागले. बा देवा रवळनाथा, तुझ्या ह्या गावात, तुझ्या ह्या लेकरांनी, तुझ्यापुढे आज असा असा विचार मांडला आहे.

"व्हय म्हाराजा."

तुटका, विरळ आवाज. जे जन्मभर सवयीने म्हणत आले होते ते आज विचार करून म्हणत होते, आणि विचार करायला वेळ लागतो. प्रदीपकाकांचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्या वाक्याला आवाज थोडा वाढला. एक्याण्णवचे अठ्ठ्याहत्तर झाले, आणि तिथेच अडले. डाव्या पाकळीची कड वाळून वर वळू लागली. स्वरांगीला ती कड दिसत होती. बस, आता गेली, असं तिला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे रडू येण्याआधी तिला बघायचं होतं ती नेमकी कशी सुटते ते.

तिसऱ्या वाक्यामागे पडवीतून एक आवाज आला. बारीक, लाजरा, कधीच न वापरलेला. "व्हय म्हाराजा." आई होती. दोनचार पुरुषांनी मान वळवली. रिवाज नव्हता, पण नाही म्हणायचाही रिवाज नव्हता, कारण कुणी कधी म्हटलंच नव्हतं. चौथ्या वाक्याला आईच्या बाजूच्या दोघी होत्या. पाचव्याला सगळी पडवी.

मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा गेला आणि तिथे शब्द आले, 'माहिती अपुरी'. बरोबरच होतं. बायकांचा आवाज देवळातल्या एकाही चित्रीकरणात नव्हता. त्या उंच, पातळ आवाजाने ह्या दगडात काय होतं हे जुळ्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. स्वरांगीने मोबाइल खाली घेतला. आता तिच्याकडेही बाकी सगळ्यांइतकेच दोन डोळे होते, फक्त चष्म्याचे.

उजवी पाकळी आधी जरा फिरली, मग घसरली, मग पडली.

"उजवी," तातू म्हणाले, आणि खाली बसले. पप्पांनी पाकळीकडे पाहिलंच नाही, ते पडवीकडे बघत होते.

तर्काच्या तासाला ह्यावर तीन आठवडे वाद चालला. विशाखाचं म्हणणं, हे सरळ मतदान झालं, देवाला ह्यात ओढू नका. कुणी म्हणालं, देव असलाच तर तो माणसांच्या गळ्यातूनच बोलणार, दुसरीकडून बोलला तर आपल्याला ऐकू कसं येईल? फर्नांडिस सर दोन्हीकडून दोघांना अडवत राहिले. आणि स्वरांगी बायकांच्या आवाजाचे प्रयोग करत राहिली, शाळेच्या मधल्या सुट्टीत आईला देवळात बोलावून, पण ती उजवी नेमकी कशाने पडली हे तिला अजून सिद्ध करता आलेलं नाही. आवाजाने, श्वासाच्या उबेने, की पप्पांच्या थरथरत्या हाताने ती मुळातच सैल लागली होती म्हणून. ती म्हणते, हरकत नाही, वेळ आहे.

गुरवकी सुरू होऊन महिना झाला असेल. एका दुपारी देवळात कुणी नसताना प्रदीपकाका आले. त्या कौलाच्या सोमवारपासून ते तिच्याशी बोलले नव्हते. ते सभामंडपात उभेच राहिले, मग घाम पुसत म्हणाले की छातीत तीन ठिकाणी अडलं आहे, गुरुवारी कोल्हापुरात कापणार आहेत. कौल लावायचा आहे.

स्वरांगीला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. तिने त्यांना हळू आवाजात आठवण करून दिली की काका, इथे तुम्ही एकटेच आहात, एवढ्याशा आवाजाने डावीच पडणार, हे तुम्हाला मी सांगितलंय. संध्याकाळी या, चार माणसं जमवू.

"माणसा नको," काका म्हणाले. "तारीक ठरलेली आसा, मी जातलंय. माका उत्तर नको गो. माका इचारूचा आसा."

तिने ते वाक्य नीट ऐकून घेतलं. वर्गात तीन आठवडे झालेल्या वादात ते कुणीच बोललं नव्हतं, ना ह्या बाजूचं, ना त्या. मग तिने मोबाइल बाहेर पायरीवर ठेवला, हात धुतले, दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि देवाच्या खांद्यांवर लावल्या.

गाऱ्हाणं घालायला मानकरी नव्हता. काकांनीच हात जोडले आणि अडखळत सुरुवात केली, बा देवा रवळनाथा, मी प्रदीप तुझ्यापुढे उभा आहे. एवढं म्हणून ते थांबले. रीतीप्रमाणे इथे कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि देवळात दुसरं कुणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," स्वरांगी म्हणाली, पोटातून.